शिडीची गाडी मागायची तर कुठली मागायची? ३२ मीटर, ५५ मीटर की ९० मीटर? (सांगली-मिरज-कुपवाड)

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा, कारण उत्तरं खरंच हवी आहेत.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर इन्व्हर्टरची बॅटरी पेटली. आग तशी मोठी नव्हती, खालच्या पोरांनी आग विझवायचे दोन सिलिंडर मारून आटोक्यात आणली, पण धूर सगळा जिन्यात शिरला आणि वर चढत गेला. आठव्या मजल्यावर एक आजी एकट्याच होत्या, मुलगा-सून कामावर. त्या गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या, तोंडाला ओला टॉवेल धरलेला, आणि खाली आम्ही शंभर-दीडशे माणसं नुसती वर बघतोय. कोणी ओरडतंय खाली बसा, कोणी ओरडतंय दार उघडू नका, त्यांना काही ऐकू जात नव्हतं. मधेच त्यांच्या हातातनं टॉवेल सुटला, तो गोल गोल फिरत आमच्या पायाशी येऊन पडला, अजून ओला होता. शेवटी गाडी आली, जवान मास्क लावून जिन्यानंच वर गेले आणि आजींना पाठीवर घेऊन उतरले. आजी सुखरूप आहेत. पण तो टॉवेल पडल्यापासूनची वीस-पंचवीस मिनिटं कशी गेली ते आम्हाला ठाऊक.

त्यानंतर आम्ही चार-पाच सोसायट्यांनी मिळून निवेदन करायचं ठरवलंय की आपल्या तिन्ही शहरांसाठी वरच्या मजल्यांना पोचणारी शिडीची गाडी हवी आणि ती नीट विचार करून घेतलेली हवी. मीटिंगला बसलो तर तिथंच गाडं अडलं. एक जण म्हणाले बंगळुरूला ९० मीटरची आहे, मागायचीच तर तशीच मागू. दुसरे म्हणाले ३२ मीटर बास झाली. शिडीवाली आणि बकेटवाली यातला फरकच कुणाला सांगता येईना. मोठ्या शहरात, मुंबई-पुण्यात, ही गाडी निवडताना काय बघतात? आणि आपल्याकडं त्यातलं काय लागू पडतं? कुणी या लाइनमधलं असेल तर प्लीज सांगा.

---

जुना फायरमन

मुंबईत २९ वर्षं काढली दलात, आता तासगावकडं शेतावर असतो. आधी एक सांगतो, आजींना पाठीवरून आणणाऱ्या पोरांना माझा सलाम. आणि त्यांनी जिना वापरला ते बरोबरच केलं, जिना चालण्यासारखा असेल तर आमचा पहिला रस्ता जिनाच. शिडी लागते ती जिना गेला की.

आता फरक. आमच्या बोलण्यात दोन जाती. एक टीटीएल, म्हणजे टर्न टेबल लॅडर. गाडीच्या पाठीवर गोल फिरणारं टेबल, त्यावर एकात एक बसलेल्या चार-पाच शिड्या, त्या सरकत बाहेर येतात. दुसरी हायड्रॉलिक प्लॅटफॉर्म, म्हणजे कोपरासारखे दुमडणारे बूम (लांब लोखंडी हात) आणि टोकाला पिंजरा, तुम्ही बकेट म्हणता तो. हिला जुनी माणसं स्नॉर्कल म्हणतात. ते नाव शिकागोवरून आलं, १९५८ साली तिथले फायर कमिशनर रॉबर्ट क्विन यांनी झाडाच्या फांद्या तोडायला वापरतात तसली बूमची गाडी आगीसाठी वापरून बघितली, तिला स्नॉर्कल नाव पडलं आणि ते इकडं आपल्या फायर स्टेशनातपण रुजलं.

टीटीएल पटकन लागते. चांगला क्रू असला तर जॅक, म्हणजे गाडीचे आधाराचे पाय, टाकून शिडी खिडकीला लागेपर्यंत दोन-अडीच मिनिटं. आणि एकदा लागली की माणसं ओळीनं उतरत राहतात, थांबायला लागत नाही. प्लॅटफॉर्मला वेळ जास्त लागतो, पिंजऱ्यात मावतील तेवढीच माणसं येतात, मग तो खाली, परत वर. पण पिंजऱ्यात म्हातारं माणूस, पेशंट, स्ट्रेचर सगळं येतं आणि बूम गच्चीच्या कठड्यावरून पलीकडं आत वाकू शकतो. वरून पाण्याचा मोठा मारा करायचा तर प्लॅटफॉर्मसारखं दुसरं साधन नाही. हल्ली टोकाला पिंजरा आणि दुमडणारा तुकडा असलेली टीटीएल पण मिळते, तिच्यात दोन्हीचं थोडं थोडं आहे.

तुमच्या आजींसारखं माणूस उघड्या शिडीवरून उतरवणं काय असतं ते पण सांगतो. माणूस कठड्याशी येतो आणि तिथंच गोठतो. पाय उचलतच नाही. आम्ही त्यांच्या खाली दोन पायऱ्या सोडून उभं राहायचं, दोन्ही हात त्यांच्या दोन्ही बाजूंनी शिडीला धरायचे, म्हणजे ते आपल्या हातांच्या कुशीत येतात, आणि कानाशी एकच बोलत राहायचं, समोरचा दांडा बघा, समोरचा दांडा बघा. शिडी हलतेच. पंचवीस मीटरवर ती चांगली हातभर हलते, ती हलायलाच बनवलेली असते, पण हे त्या क्षणी कुणाला समजवणार. म्हणून वयस्कर माणसांसाठी पिंजरा असलेली गाडी मी कधीपण वर ठेवीन.

२२ जुलै २०१९ ला वांद्र्याला एमटीएनएलच्या नऊ मजली इमारतीला आग लागली होती. मी तेव्हा रिटायर झालो होतो, टीव्हीसमोरून उठलो नाही दिवसभर. धुरामुळं माणसं गच्चीवर गेली होती, ८४ माणसं सुखरूप काढली आमच्या पोरांनी. तिथं गाड्या इमारतीला भिडू शकल्या, रस्ता होता, जागा होती. आणि ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासमध्ये आमचे चार अधिकारी गेले, इमारतच कोसळली. चिंचोळी गल्ली, जुनं बांधकाम. तिथं शिडी किती मीटरची हा प्रश्नच नव्हता.

म्हणून मीटर शेवटी बघा. आधी बघा गाडी उभी कुठं राहणार.

---

हायड्रॉलिकवाला मिरज

काका लाखाचं बोलले. मी क्रेन आणि जेसीबीची हायड्रॉलिकची कामं करतो, फायरच्या गाडीवर काम केलेलं नाही पण सिलिंडर तो सिलिंडरच, तेल ते तेलच, म्हणून माझ्या बाजूचं सांगतो.

पहिलं म्हणजे जॅक. गाडी रस्त्यावर चालताना अडीच मीटर रुंद असते पण कामाला उभी राहिली की पाय बाहेर काढते. ३२ मीटरच्या गाडीला साधारण पाच मीटर रुंदी धरा. त्याच्या वर जेवढे मीटर वाढवाल तेवढं वजन वाढणार, एक्सल वाढणार, पाय अजून फाकणार. ९० मीटरची म्हणजे चार-पाच एक्सलचं धूड झालं. बंगळुरूच्या गाडीला ३१ कोटी पडले असं तेव्हा पेपरला होतं. एवढे पैसे कुणी दिले तरी ती गाडी आपल्या कुठल्या चौकात वळवायची आणि कुठं पाय टाकायचे ते आधी ठरवा.

दुसरं म्हणजे आपली जमीन. सांगली-मिरज म्हणजे काळी माती. उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात लोणी. डांबराच्या खाली काय भरलंय ते कुणाला माहीत नसतं. एकदा जुलैत मी एका साइटवर क्रेनसोबत होतो, ऑपरेटरनं पेव्हिंग ब्लॉकवर जॅक टाकला, खाली जुना चेंबर होता, वरून काही दिसत नव्हतं. बूम अर्धा उचलला आणि एक पाय हळूच, आवाज न करता, वीतभर खाली गेला. ऑपरेटर शहाणा होता, त्यानं लगेच लोड खाली घेतला म्हणून वाचलो. वर माणसं असती तर? तेव्हापासून मी लाकडी स्लीपर आणि जाड प्लेट घेतल्याशिवाय कुठं जातच नाही. नवीन फायरच्या गाडीत कॉम्प्युटर असतो, एक पाय हलका पडला की तो हालचाल बंद करतो, ते चांगलंच आहे, पण बंद करतो म्हणजे वरचा माणूस वरच राहतो. त्यामुळं सोसायटीच्या आवारात गाडी उभी राहायची जागा पक्की पाहिजे. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये उंच बिल्डिंगभोवती किमान ६ मीटर मोकळी जागा आणि ती ४५ टनाची गाडी पेलणारी पाहिजे असं आहे. तुमच्या आवारातल्या ब्लॉकखाली काय आहे विचारा बिल्डरला.

तिसरं, आणि माझ्या मते हेच खरं, मेंटेनन्स. असली गाडी वर्षातनं थोडेच दिवस खरी वापरली जाते आणि उभी राहून जास्त खराब होते. सिलिंडरच्या रॉडवर तेलाचा पातळ थर असतो तो असायलाच पाहिजे, पण ग्लँडपाशी, म्हणजे रॉड बाहेर येतो तिथं, थेंब जमून खाली ओघळला की सील गेलं समजा. आम्ही काय करतो, बूम लोडसकट उभा ठेवून रॉडवर खडूनं रेघ मारतो आणि दहा मिनिटांनी बघतो, रेघ सरकली तर आतनं तेल सुटतंय. हे दर आठवड्याला करणारा माणूस पाहिजे. शिडीच्या गाडीत वर स्टीलचे रोप, पुल्या, सरकायचे पॅड, सेन्सर, सगळं बाहेरून येणार. सेन्सर एवढासा असतो पण तो गेला की कोटीची गाडी शेडमध्ये. म्हणून तुमच्या निवेदनात मीटरच्या आधी हे लिहा, की दहा वर्षांचा मेंटेनन्स करार गाडीसोबतच पाहिजे, नेहमी लागणारे स्पेअर भारतात ठेवलेले पाहिजेत आणि आपले दोन-तीन मेकॅनिक कंपनीकडून शिकवून घेतलेले पाहिजेत.

---

पेठेतला

आमचं गणपती पेठेत दुकान आहे आणि हळदीचं गोडाऊन मार्केट यार्डाकडं. वरचं सगळं वाचलं. तुमच्या बिल्डिंगचं बरोबर आहे पण सांगलीत आग म्हटलं की आधी आठवतात ती गोडाऊनं. बारदान, हळद, बेदाण्याचे बॉक्स, कोल्ड स्टोरेजचं थर्माकोल. बारदानाची थप्पी आतनं धुमसते, वरून पाणी मारलं की विझल्यासारखी वाटते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत धूर. लहानपणी बघितलंय मी, तीन दिवस लोक पोती फोडून फोडून पाणी घालत होते, वास महिनाभर जात नव्हता.

मग प्रश्न असा की शिडीच्या गाडीचा आमच्यासारख्याला उपयोग काय? आणि पेठेत तर ती येणारच नाही. हरभट रोडला दिवाळीत माणूस चालत जाऊ शकत नाही. वायरी एवढ्या खाली की गणपतीच्या मिरवणुकीत बांबूनं उचलायला लागतात.

---

जुना फायरमन

पेठेतले मालक, उपयोग आहे, आणि सांगलीसाठी तर मी म्हणेन की वर्षभरात जास्त काम तिथंच निघेल. गोडाऊनची भिंत तापली की जवळ जाता येत नाही, पत्रे खाली येतात, आणि जमिनीवरून मारलेलं पाणी भिंतीवर आपटून परत येतं. तेव्हा पिंजरा वर नेऊन मॉनिटरनं, म्हणजे पिंजऱ्यावरच्या पाण्याच्या तोफेनं, थेट पत्र्याच्या भोकातून आत पाणी टाकायचं, माणूस सुरक्षित आणि पाणी बरोबर जागी. कुपवाड एमआयडीसीत पण तेच. कोल्ड स्टोरेजचं थर्माकोल पेटलं की धूर डांबरासारखा काळा आणि विषारी, तिथं आत पोरं घालायच्या आधी दहादा विचार करावा लागतो, वरून मारा करणं केव्हाही बरं.

पण वरून एवढं पाणी मारायचं तर ते खालून यायला पाहिजे. मोठा मॉनिटर मिनिटाला दोन-तीन हजार लिटर ओढतो. म्हणजे साध्या वॉटर टेंडरची, म्हणजे पाण्याच्या बंबाची, टाकी दोन-तीन मिनिटांत रिकामी. नुसती शिडीची गाडी आणून उभी केली आणि मागं टँकरची रांग नसली तर पिंजऱ्यातला माणूस कोरडा पाइप धरून बसतो. यार्डात आणि एमआयडीसीत चालू हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी घ्यायचे नळ, किती आहेत ते तुम्ही व्यापारी मंडळींनीच एकदा फिरून बघा.

पेठेत मात्र मोठी गाडी विसरा. तिथं छोटी गाडी, लांब होज, ३५ फुटी हातानं लावायची एक्स्टेंशन लॅडर आणि दमदार पोरं. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यापर्यंत ती शिडी चार जण मिळून मिनिटात लावतात.

---

उल्मजवळची सांगलीकर

मी मूळची खणभागातली, सध्या नोकरीमुळं जर्मनीत श्टुटगार्टला आहे. इथून तास-दीड तासावर उल्म शहर आहे, तिथली मागिरुस ही शिडीच्या गाड्यांची खूप जुनी कंपनी. तिचे संस्थापक मागिरुस हे स्वतः उल्मच्या अग्निशमन दलात होते, १८७० च्या दशकात त्यांनी कुठल्याही भिंतीला न टेकता उभी राहणारी चाकांची शिडी बनवली होती. म्हणजे आग विझवणाऱ्या माणसानंच आपली अडचण ओळखून शिडी केली, मला हे फार आवडतं.

इथली एक गोष्ट तुमच्या निवेदनाला उपयोगी पडेल. इथं बहुतेक शहरांत एकच ठरलेली शिडी असते, ती गाडीपासून १२ मीटर लांब असलेल्या भिंतीवर २३ मीटर उंच पोचते. आणि बांधकामाच्या नियमात सगळ्यात वरच्या मजल्याची फरशी जमिनीपासून २२ मीटरच्या वर गेली की तीच उंच इमारत धरतात आणि तिथून जिन्यांचे नियम एकदम कडक होतात. म्हणजे शिडी जिथं संपते तिथून पुढं इमारतीनं स्वतःची सोय स्वतः करायची. २२ च्या खालच्या घरांना दुसरा सुटकेचा रस्ता म्हणून शिडीची गाडी चालते, पण मग ती गाडी उभी राहायची जागा आखून मोकळी ठेवायलाच लागते. माझ्या बिल्डिंगसमोर अशी जागा आहे, पाटी लावलेली. एकदा माझ्याच मैत्रिणीनं पाच मिनिटं म्हणून तिथं गाडी लावली, परत आलो तर उचलून नेलेली.

आपल्याकडं गाडी किती उंच हे कोणी ठरवायच्या आधी आपल्या शहरात किती बिल्डिंगी किती उंच आहेत याची यादी हवी ना? त्या यादीवरूनच गाडी ठरेल.

---

भाचा अमेरिकेत

थोडंसंच लिहितो. माझा भाचा सॅन फ्रान्सिस्कोला असतो, मी गेलो होतो तेव्हा मुद्दाम फायर स्टेशन बघितलं. तिथं शिडीची गाडी एवढी लांब की मागच्या चाकांना वेगळं स्टिअरिंग आणि त्याला वेगळा ड्रायव्हर, मागं वर बसलेला. त्यामुळं अरुंद आणि चढाच्या रस्त्यावर ती कोपऱ्यावरून वळते. आणि हातानं लावायच्या शिड्या अजूनही लाकडाच्या, त्यांच्याच वर्कशॉपमध्ये बनवतात, कारण डोक्यावर विजेच्या तारा फार आणि ॲल्युमिनियममधून करंट उतरतो. पेठेतल्या दादांनी वायरींचं लिहिलं म्हणून आठवलं. न्यूयॉर्कला साधी शिडी आणि बकेटवाली दोन्ही जाती ठेवतात असं भाचा सांगत होता. एवढ्या मोठ्या शहरांनी पण आपापल्या रस्त्याप्रमाणं वेगवेगळं घेतलंय.

---

हरिपूर रोड

सगळ्यांचा आदर ठेवून बोलतो, राग मानू नका. २०१९ ला कृष्णेच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फूट ६ इंच पाणी होतं. आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या जिन्याला पाणी लागलेलं, आई आणि मी दोन रात्री गच्चीवर. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली ते अख्ख्या जिल्ह्यानं बघितलं. २०२१ ला परत पाणी. आमच्यासाठी अग्निशमनचे जवान म्हणजे बोट घेऊन येणारी माणसं. कोट्यवधीची शिडी घ्यायच्या आधी बोटी, इंजिनं, लाइफ जॅकेट, आणि बोट चालवायला शिकलेली पोरं पाहिजेत. शिडी आठव्या मजल्यावरच्यांना, आणि नदीकाठच्यांनी काय करायचं?

---

विश्रामबागकर

हरिपूर रोड भाऊ, राग कसला, तुमचं खरं आहे. आमच्याच सोसायटीत २०१९ ला काठावरची अकरा कुटुंबं राहायला होती. निवेदनात बोटींचा मुद्दा घालतो, पहिल्या पानावर घालतो.

---

जुना फायरमन

हरिपूर रोडकरांशी मी सहमत आहे. आग आणि पूर, दोन्हीला जाणारी माणसं तीच असतात. त्यामुळं माझा क्रम असा, पहिली माणसं आणि त्यांचं ट्रेनिंग, दुसरे बीए सेट म्हणजे पाठीवरचे श्वासाचे सिलिंडर आणि बोटी, आणि मग शिडीची गाडी. गाडीला ऑपरेटर तीन पाळ्यांना मिळून आणि सुट्ट्या धरून किमान सहा-सात लागतात, एकाच माणसाला येतंय आणि तो गावाला गेलाय असं झालं तर गाडी असून नसल्यासारखी. आणि एक गोष्ट, गाडी घेतली तर ती ठेवायची जागा मिरजेकडच्या उंच बाजूला बघा. पुराच्या पाण्यात हायड्रॉलिकची गाडी चार दिवस उभी राहिली तर ती परत उभी करायला मिरजवाल्या दादांना विचारा किती महिने लागतील.

मीटरचं आता बोलतो. माझं मत ३२ मीटरच्या आसपासची, पिंजरावाली, दोन एक्सलची गाडी. वजन पंधरा-सोळा टनांच्या घरात बसतं, आपल्या बऱ्याच रस्त्यांवरून जाते, पटकन लागते. आपल्याकडच्या बहुतेक बिल्डिंगींना ती पुरते. त्याहून उंच बिल्डिंगींनी आपले पंप, रायझर (मजल्यामजल्यावर पाणी नेणारे उभे पाइप), स्प्रिंकलर, दुसरा जिना चालू ठेवायचा, २४ मीटरच्या वरच्या इमारतींना रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबायची राखीव जागा, असतो तो मोकळा ठेवायचा. मी स्वतः रेफ्यूज एरियात ग्रिल लावून केलेली गोदामं बघितली आहेत, कुलूप तोडण्यात आमची तीन मिनिटं गेली होती. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याप्रमाणं दर जानेवारी आणि जुलैला सोसायटीनं बी फॉर्म द्यायचा असतो, आगीची यंत्रणा चालू आहे म्हणून. विश्रामबागकर, तुमचा जुलैचा दिला का?

आणि ते ९० मीटरचं. वारा ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास गेला की बऱ्याच गाड्यांना काम थांबवावं लागतं, आणि जेवढं वर जाल तेवढा वारा जास्त. उंच गाडीची गरज मुंबईला आहे, तिथं तेवढ्या इमारती आहेत आणि शेजारच्या स्टेशनला दुसरी गाडी पण आहे. आपल्याकडं एकच असणार, तर ती रोज चालणारी असू दे.

एक काम करा. आजींच्या गॅलरीची उंची मोजा आणि गाडी उभी राहील तिथपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. ते आकडे इथं टाका.

---

विश्रामबागकर

काका, मोजलं. रविवारी सकाळी मी, माझा मुलगा आणि आजींचा नातू. आजींनीच गॅलरीतून दोरी खाली सोडली, टोकाला कुलूप बांधलं होतं वजनाला, नातू खालून टेप लावत गेला. कठड्यापर्यंत २५ मीटर २० सेंटिमीटर. आजी म्हणाल्या त्या दिवशी मला हे पन्नास वाटलं होतं.

आवारात इमारतीच्या बाजूला गाडी उभी केली तर गाडीच्या मध्यापासून गॅलरीखालची भिंत ९ मीटरवर येते. पण गेट मोजलं तर दोन खांबांच्या मध्ये २ मीटर ६५ सेंटिमीटर. आणि आत शिरलं की लगेच काटकोनात वळण, तिथं तीन चारचाकी कायमच्या उभ्या. म्हणजे गाडी आतच येणार नाही. बाहेर रस्त्यावर उभी केली तर तेच अंतर १९ मीटर होतंय.

जुलैचा बी फॉर्म... फाइलमध्ये जानेवारीचा आहे. जुलैचा नाही. सेक्रेटरींना आजच विचारलं, ते एजन्सीला फोन करतायत.

---

जुना फायरमन

आता हिशोब बघा. फिरतं टेबल जमिनीपासून दोनेक मीटर वर असतं, म्हणजे शिडीला चढायचे २३ मीटर आणि थोडं. गाडी आत आली, ९ मीटरवर उभी राहिली, तर २५ मीटर शिडी लागते. ३२ ची आरामात पोचते, पिंजऱ्यात माणसं घेऊन पोचते. तीच गाडी बाहेर रस्त्यावर १९ मीटरवर राहिली तर लागते ३० मीटर. कागदावर पोचते. पण शिडी एवढी आडवी पडली की तोल जायला नको म्हणून कॉम्प्युटर एका मर्यादेच्या पुढं जाऊच देत नाही, आणि ती मर्यादा याच्या अलीकडंच येते. म्हणजे आजी दिसतील, पिंजरा समोर दोन-चार मीटरवर लटकेल, आणि हात पुरणार नाही.

तेवढ्यासाठी ५५ मीटरची गाडी मागाल, तर तिला अजून मोठी जागा लागणार आणि ती तुमच्या गल्लीच्या तोंडाशीच अडणार. तुमच्या गेटचे खांब ही तुमची खरी अडचण आहे.

---

हायड्रॉलिकवाला मिरज

विश्रामबागकर दादा, खांब काढाल तेव्हा मला सांगा, मी येतो. आतल्या ब्लॉकखाली चेंबर, सेप्टिक टँक, पाण्याची टाकी कुठं कुठं आहे ते आपण एकदा लोखंडी सळी ठोकून बघू आणि पिवळ्या रंगानं आखून ठेवू. पैसे काही नकोत.

---

विश्रामबागकर

दादा, उपकार. काल मीटिंग झाली. खांबाला आधी दोन जणांचा विरोध होता, एकानं सांगितलं संगमरवर लावलाय, आत्ताच खर्च केलाय. मग आजींचा नातू उठला आणि त्यानं काकांची वरची पोस्ट मोबाइलवर वाचून दाखवली, पिंजरा दोन-चार मीटरवर लटकेल तिथपर्यंत. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. एक खांब दीड मीटर मागं घ्यायचा आणि वळणावरच्या तिन्ही गाड्या मागच्या बाजूला हलवायच्या असं ठरलं. गवंडी गुरुवारी येतोय.

निवेदनात आता असं लिहितोय: आधी तिन्ही शहरांतल्या १५ मीटरच्या वरच्या इमारतींची यादी, प्रत्येकीची उंची आणि गाडी उभी राहायची जागा. मग बोटी, बीए सेट आणि जवानांचं ट्रेनिंग. मग ३२ मीटरच्या घरातली पिंजरावाली एक गाडी, दहा वर्षांच्या करारासकट, आणि ठेवायची जागा पुराच्या पाण्याच्या वर. कच्चा मसुदा उद्या रात्री इथंच टाकतो. काका, तुम्ही, मिरजकर दादा आणि हरिपूर रोड भाऊ, तिघांनी नजर टाका. पेठेतले मालक, यार्डातल्या हायड्रंटचं तेवढं बघून कळवा.

---

पेठेतला

आज सकाळी यार्डात फिरलो. सात सापडले. दोघांचे व्हॉल्व्ह फिरले, बाकीचे गंजून बसलेत, एकावर तर हळदीच्या पोत्यांची थप्पी होती. फोटो काढलेत, उद्या टाकतो.

---

जुना फायरमन

थप्पी आजच हलवा, मालक. आणि विश्रामबागकर, खांब झाला की गेटवरून जाणाऱ्या केबलची उंची पण मोजून घ्या.